निरगाठ, सुरगाठ आणि बिनगाठ

मराठी माणसाच्या पायाचा आणि नाडीचा संबंध तसा अलीकडचा. आपली वहाण म्हणजे पाय सरकवण्याची वस्तू. मी कोल्हापूरचा. आमच्या गावच्या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण तिची कीर्ती त्याच्या कितीतरी आधीची. त्या चपलेत ना नाडी, ना बक्कल. अंगठ्यात पाय अडकवला की माणूस निघाला. देवळाच्या पायरीशी, शेजाऱ्याच्या सोप्यात, पंगतीला, अशी दिवसातून दहा वेळा जी काढावी-घालावी लागते तिला गाठी मारत कोण बसणार? आपल्याकडे नाडी होती ती पायजम्याला, परकराला आणि पान-तंबाखूच्या चंचीला. बुटाची नाडी आली ती पलटणीबरोबर, पोलिसांबरोबर आणि इंग्रजी शाळेबरोबर, आणि ती इतकी परकी राहिली की तिला आपण अजून ‘लेस’च म्हणतो.

गाठीचे शब्द मात्र आपल्याकडे अस्सल आहेत. जी सोडवायला नखे आणि दात लागतात ती निरगाठ. जिचे एक टोक ओढले की झाले ती सुरगाठ. बुटाच्या लेसची ती दोन कानांची गाठ सुरगाठीच्याच जातीची. संध्याकाळी दमून आलेल्या माणसाने टोक ओढावे आणि मोकळे व्हावे हा तिचा गुण, आणि तेच टोक भर रस्त्यात आपले आपण ओढले जाते हा तिचा दोष. नाडीचा बूट ही काही साहेबाची नवलाई नव्हे. आर्मेनियातल्या एका गुहेत २००८ साली एक कातडी बूट सापडला. तो सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा आहे आणि भोकांतून ओवलेली त्याची वादी अजून शाबूत आहे. म्हणजे साडेपाच हजार वर्षे माणूस खाली वाकून गाठ मारतो आहे. गेले दीड वर्ष मी मात्र पळण्याच्या बुटांना गाठ मारलेली नाही. त्यांत इलॅस्टिकच्या लेस आहेत. त्यांची ही हकिगत.

निवृत्त बँक अधिकाऱ्याने काय करावे याचे आपल्याकडे काही संकेत आहेत. सोसायटीचे हिशेब तपासावेत, मुलांना मुदतठेवीचे सल्ले द्यावेत, पहाटे रंकाळ्याला फेरी मारावी. कादंबऱ्या लिहिण्याचा उद्योग मी नोकरीत असतानाच लावून घेतला होता, त्यामुळे तो नवा नव्हता. रंकाळ्याच्या फेरीत मात्र घात झाला. तिथे पळणाऱ्या तरुण मंडळींशी ओळख झाली. त्यांच्यातला एक कोच निघाला, आणि वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मी ‘ट्रायथलॉन’ नावाच्या प्रकाराला लागलो. कोच वयाने माझ्या मुलीएवढा. तो मला ‘काका’ म्हणतो, मी त्याला ‘सर’ म्हणतो. दोघांनाही त्यात काही गैर वाटत नाही.

ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहणे, मग सायकल, मग पळणे, आणि मध्ये विश्रांती नाही. अमेरिकेत सॅन दिएगो शहरातल्या मिशन बे येथे सप्टेंबर १९७४ मध्ये या नावाची पहिली शर्यत झाली. ऑलिम्पिकमध्ये हा खेळ २००० साली सिडनीला आला. तिथले अंतर दीड किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर पळणे. ज्यांचे एवढ्याने भागत नाही त्यांच्यासाठी ‘आयर्नमॅन’ आहे: ३.८ किलोमीटर पोहून, १८० किलोमीटर सायकल मारून शेवटी अख्खी मॅरेथॉन. १९७८ साली हवाई बेटांवर ती पहिल्यांदा झाली तेव्हा १५ जण उतरले होते आणि १२ जणांनी ती पुरी केली. तिची निम्मी आवृत्ती २०१९ साली गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर झाली आणि आमच्या भागातल्या तरुणांना तिने झपाटून टाकले. माझी मजल सर्वांत छोट्या शर्यतीपर्यंत: ७५० मीटर, २० किलोमीटर आणि ५ किलोमीटर. खरे सांगायचे तर आमच्या लहानपणी हा खेळ नाव नसताना चालूच होता. पंचगंगेत डुंबायचे, तासाच्या भाड्याने सायकल आणायची, आणि तास उलटून गेला म्हणून सायकलवाला ओरडायला लागला की पळत सुटायचे.

या खेळात ज्याला कोणी खेळ म्हणत नाही असा एक चौथा भाग आहे. त्याला ‘ट्रान्झिशन’ म्हणतात. पाण्यातून बाहेर यायचे, आपल्या सायकलपाशी धावत जायचे, चष्मा-टोपी काढून हेल्मेट चढवायचे, बूट घालायचे आणि निघायचे. सायकल संपली की पुन्हा तोच प्रकार उलट्या बाजूने. घड्याळ चालूच असते. निकालाच्या कागदावर या दोन बदलांची वेळ वेगळी छापतात आणि ती एकूण वेळेत धरतात. २०१२ साली लंडन ऑलिम्पिकमध्ये स्वित्झर्लंडची निकोला स्पिरिग आणि स्वीडनची लिसा नोर्डेन या दोघी १ तास ५९ मिनिटे ४८ सेकंद अशा एकाच वेळेत पोचल्या. फोटो पाहून सुवर्णपदक स्पिरिगला द्यावे लागले. त्याच ऑलिम्पिकमध्ये जोनाथन ब्राउनली हा इंग्लंडचा खेळाडू रेषेच्या आतच सायकलवर बसला, म्हणून त्याला १५ सेकंदांचा दंड झाला. तरीही त्याने कांस्यपदक आणले, ही गोष्ट वेगळी. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अ‍ॅलेक्स यीने हेडन वाइल्डला मागे टाकले ते ६ सेकंदांनी, तेही पावणेदोन तासांच्या झुंजीनंतर. आता ६ सेकंदांत बुटाची लेस बांधून दाखवावी कोणीतरी.

माझ्या शर्यतीत असे पदकाचे प्रश्न येत नाहीत. माझ्या वयोगटात कधी तीन माणसे असतात, कधी दोन. पण अडचण खरी होती. तरबेज मंडळी सायकलचे वेगळे बूट वापरतात. आम्ही साध्या पॅडलवाले, पाण्यातून निघालो की पळण्याचेच बूट चढवतो. तलावात वीस-पंचवीस मिनिटे काढलेल्या माणसाची बोटे सुरकुतलेली असतात, पाय ओले, श्वास वर गेलेला. त्यात वाकून लेसची दोन टोके चिमटीत धरायची, कान करायचा, त्याच्याभोवती दुसरे टोक फिरवायचे. शाळेत सातव्या वर्षी शिकलेली कला सहासष्टाव्या वर्षी पुन्हा शिकल्यासारखी वाटते. कोचने माझी ही झटापट पाहिली आणि म्हणाला, “काका, इलॅस्टिकच्या लेस टाका.”

‘इलॅस्टिक’ म्हटल्यावर माझ्या पिढीच्या माणसाच्या मनात काय येते ते वाचकांना सांगायला नको. आमच्या लहानपणी चड्डीचे दोन पंथ होते, नाडीवाले आणि इलॅस्टिकवाले. नाडी आत गेली तर आईकडे जाऊन सेफ्टी पिनेने ती ओढून घ्यावी लागे. इलॅस्टिक सैल झाले तर मात्र काही इलाज नसे, एक हात कायमचा कमरेला. तेव्हा हे प्रकरण मी जरा संशयानेच घेतले.

पुडक्यात दोन जोड आले. किमती शे-दीडशे रुपयांपासून सहा-सातशेपर्यंत असतात. मी मधल्या भावाचे घेतले. वस्तू अगदी साधी. आत रबराचे बारीक धागे, वरून पॉलिएस्टरचे विणलेले आवरण. ही दोरी नेहमीसारखीच बुटाच्या भोकांतून ओवायची. वर दोन्ही टोके स्प्रिंगच्या एका बटणातून काढायची. पावसाळी जाकिटाच्या टोपीला असते तसले बटण. दाबले की दोरी सरकते, सोडले की पकडते. पायात बूट घालून हवे तेवढे ओढायचे, उरलेली दोरी कापायची आणि टोकांना प्लॅस्टिकची चिमटी लावायची. कापण्याआधी दोन-तीन दिवस पळून पाहावे असे कोचने बजावले होते, कारण कापलेली दोरी वाढत नाही. दुसऱ्या एका प्रकारात बटणच नसते. दोरीवर थोड्या थोड्या अंतरावर गोळे असतात. ताणली की ते बारीक होतात आणि भोकातून जातात, सोडली की फुगून तिथेच अडकतात. या दुसऱ्या प्रकाराचे महत्त्व मला पुढे कळायचे होते.

एकदा ताण बसला की बूट चपलेसारखा होतो. मागची टाच धरायची, पाय आत ढकलायचा, निघायचे. टाचेला थोडे व्हॅसलीन आणि आत चिमूटभर पावडर टाकली तर ओला पायही सरकन जातो.

आता बँकेत सदतीस वर्षे काढलेला माणूस ‘सरकन’ या शब्दावर समाधान मानत नाही. मी गॅलरीत पाण्याची बादली ठेवली. सौ.च्या हातात मोबाइलचे घड्याळ दिले. पाय आणि हात बादलीत बुडवून दोन्ही बूट घालायचे, असे साध्या लेसने दहा वेळा आणि इलॅस्टिकने दहा वेळा केले. आकडे तिने वीजबिलाच्या पाठीवर लिहिले. सरासरी निघाली ५२ सेकंद आणि १९ सेकंद. फरक ३३ सेकंदांचा. तेवढ्यात आमचा जुना कॅशियर शंभर नोटांचे पाकीट हाताने मोजून बाजूला ठेवत असे. मी हा निष्कर्ष जाहीर केल्यावर सौ. म्हणाली, “बरं, आणि वाचलेल्या तेहतीस सेकंदांचं करणार काय?”

प्रश्न रास्त होता. पावणेदोन तासांहून अधिक चालणाऱ्या माझ्या शर्यतीत ३३ सेकंद म्हणजे दर्यामे खसखस. पण वेळेपेक्षाही एक मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे लेस सुटण्याची धास्ती. बीजिंगला २००८ साली उसेन बोल्टने शंभर मीटरचा विश्वविक्रम ९.६९ सेकंदांत केला तेव्हा त्याच्या डाव्या बुटाची लेस सुटलेली होती. तो बोल्ट होता आणि अंतर शंभर मीटरचे होते. बाकीच्यांना पाच किलोमीटर जायचे असते, आणि मागून येणाऱ्याचा पाय त्या टोकावर पडू शकतो.

लेस सुटते तरी का, याचा अभ्यास कोणी केला असेल असे मला वाटले नव्हते. पण केला आहे. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या तीन यंत्रशास्त्रज्ञांनी २०१७ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला आणि तो लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. त्यांनी ट्रेडमिलवर पळणाऱ्या बाईच्या बुटाचे सेकंदाला ९०० चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्याने चित्रण केले. दिसले ते असे. पाऊल जमिनीवर आपटते तेव्हा गाठीला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सातपट हिसका बसतो. त्या हिसक्याने गाठ किंचित ताणते आणि ढिली होते. त्याच वेळी पाय पुढे-मागे झुलत असतो, त्यामुळे लेसची मोकळी टोके चाबकासारखी फटकारतात आणि गाठीतून दोरी बाहेर ओढतात. ढिली करायला एक हात आणि ओढायला एक हात, असे दोन अदृश्य हात जणू गाठ सोडवत असतात. बराच वेळ काही होत नाही. मग एकदा सुरुवात झाली की दोन पावलांत गाठ मोकळी.

याच अभ्यासात एक घरगुती उपयोगाची गोष्ट आहे. सुरगाठीचेही दोन प्रकार असतात, एक पक्का आणि एक कच्चा. पहिली अढी घालताना उजवे टोक डाव्यावरून नेले असेल तर कान बांधताना डावे उजव्यावरून न्यायला हवे. दोन्ही वेळा एकाच बाजूने नेले तर कच्ची गाठ बसते आणि ती फार लवकर सुटते. ओळखायची खूण सोपी आहे. गाठीचे दोन कान बुटावर आडवे राहिले तर पक्की. एक कान बोटांकडे आणि एक घोट्याकडे असे उभे राहिले तर कच्ची. घरातल्या मुलांच्या शाळेच्या बुटांवर उद्या सकाळी नजर टाकून पाहावी.

मला हे शास्त्रज्ञांकडून कळण्याची गरज पडली नाही. माझे थोरले बंधू, आमचे दादा, गडहिंग्लजकडे एका हायस्कुलात कसरतीचे मास्तर होते. स्काउटचा तासही त्यांच्याकडे असे. “उजवी डावीवर, डावी उजवीवर” हा मंत्र त्यांनी मला मी दुसरीत असताना दिला आणि पुढे तीस-बत्तीस वर्षे हजारो पोरांना दिला. शनिवारी सकाळच्या कवायतीला पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटाचे कान उभे दिसले की दादा त्या पोराला रांगेतून बाहेर काढत, स्वतः खाली बसत आणि गाठ सोडून त्याच्याकडून पुन्हा बांधून घेत. ओरडत नसत. पण मास्तर आपल्या पायाशी बसलेत याचीच पोराला लाज वाटे. दादांकडे मी पुन्हा येणार आहे.

इलॅस्टिकच्या लेसमध्ये ही सगळी भानगडच नाही. गाठ नाही, कान नाहीत, फटकारणारी टोके नाहीत. शिवाय दूर पळताना पाय सुजतो. दहाएक किलोमीटरनंतर साधी लेस पावलाच्या वरच्या शिरांवर आवळायला लागते. इलॅस्टिक तेवढे देते. सपाट रस्त्यावर, विशेषतः पहिल्या दहा किलोमीटरपर्यंत, मला तरी या लेसबद्दल तक्रारीला जागा सापडली नाही.

सपाट रस्त्यावर, हे शब्द महत्त्वाचे. सातारची हिल मॅरेथॉन ज्या यवतेश्वर घाटात होते तिथे आम्ही काहीजण एका रविवारी सरावाला गेलो होतो. चढताना सगळे ठीक होते. उतरताना प्रत्येक पावलाला पाय बुटात पुढे सरकू लागला आणि अंगठा टोकाला आदळू लागला. खाली येईपर्यंत डाव्या अंगठ्याचे नख काळेनिळे. साध्या लेसची एक खुबी तेव्हा लक्षात आली. साधी लेस भोकाभोकाशी घासून अडते, म्हणून बोटांपाशी सैल आणि घोट्यापाशी घट्ट असा वेगवेगळा ताण आपण तिला देऊ शकतो आणि ती तो सांभाळते. इलॅस्टिक मात्र सगळा ताण वाटून घेते. वर ओढले की खालीही ओढले जाते. सहकारी तत्त्वावर चालणारी लेस म्हणा. उतारावर जिथे घोटा जखडून धरायला हवा तिथे ती कमी पडते. गोळेवाल्या दोरीत हा दोष पुष्कळ कमी, कारण प्रत्येक भोकाशी गोळा अडकतो. तरीही घाटासाठी मी बुटांचा दुसरा जोड साध्या लेसचाच ठेवला आहे, उजवी डावीवर आणि डावी उजवीवर.

दुसरी गोष्ट रबराच्या आयुष्याची. ती बँकवाल्याला कोणी शिकवायला नको. नोटांच्या गड्ड्यांना स्टेपल मारणे रिझर्व्ह बँकेने २००१ साली बंद करायला लावले आणि कागदी पट्ट्या आल्या, पण व्हाउचरच्या गठ्ठ्यांवर रबरबँड होते ते राहिले. आमच्या एका शाखेची रेकॉर्ड रूम पत्र्याखाली होती. तिथला आठ-दहा वर्षांचा गठ्ठा उचलला की रबरबँडचे तुकडे हातात येत. काही कडक होऊन मोडलेले, काही चिकट होऊन कागदाला डकलेले. ऊन, उष्णता आणि हवा यांनी रबर मरते. ते कसे मरते हे गठ्ठा उचलेपर्यंत कळत नाही. म्हणून या लेस घातलेले बूट मी गॅलरीत उन्हात वाळवत नाही, आत वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली ठेवतो. महिन्यातून एकदा दोरी ताणून, सोडून पाहतो. ताणलेली पूर्ववत आली नाही किंवा आवरणाचे सूत निघू लागले की बदलायची. गमतीची गोष्ट म्हणजे रबराने बूट आवळण्याची कल्पना ट्रायथलॉनवाल्यांची नव्हेच. टॉमस हँकॉक या इंग्रजाने १८२० साली रबराच्या ताणपट्ट्यांचे पेटंट घेतले, त्यात हातमोजे आणि मोज्यांबरोबर बुटांचाही उल्लेख होता.

आता दादांकडे येतो, कारण पुडक्यातला दुसरा जोड त्यांच्याकडे गेला.

दादांचे वय ७६. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. वाचा शाबूत राहिली, हिंडण्याफिरण्यापुरता पायही पुष्कळ सुधारला, पण डावा हात गेल्यातच जमा. डावे पाऊल उचलताना बोटे खाली लोंबतात, म्हणून पोटरीपासून तळव्यापर्यंत प्लॅस्टिकची आधारपट्टी बांधावी लागते. तिच्यावर चपला चालत नाहीत. चप्पल पायातून निसटते आणि निसटली की माणूस पडतो. बूटच हवा आणि तो नीट आवळलेला हवा, असे फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितले होते. म्हणजे लेस आली. आणि लेस बांधायला दोन हात लागतात.

रोज सकाळी वहिनी त्यांच्या बुटाच्या लेस बांधत. वहिनींचे स्वतःचे गुडघे गेलेले. त्या भिंतीला धरून खाली बसत, बांधून झाल्यावर खाटेला धरून उठत. दादा तोंडाने काही बोलले नाहीत. त्यांनी फिरायला जाणेच कमी केले. आधी दोन वेळचे एक वेळ झाले, मग एक दिवसाआड, मग “आज नको, ऊन झालंय.” डिसेंबरात ऊन. मी गेलो तेव्हा वहिनींनी स्वयंपाकघरात हळूच सांगितले, “भावजी, ते माझ्यासाठी जात नाहीत, मला कळतं. पण मी बांधते म्हटलं तर आणखीनच चिडतात.” मला ती शनिवारची कवायत आठवली. पोराच्या पायाशी बसलेला मास्तर आठवला. गाठ शिकवण्यात ज्याचा जन्म गेला त्याला आपल्या पायाशी कुणी बसलेले पाहवत नसेल, तर त्यात नवल नाही.

मी पिशवीतून दुसरा जोड काढला. त्या निळ्याभोर लेस पाहून दादा म्हणाले, “हे काय रं बाळ्या? इलॅस्टिकची चड्डी पायात घालू?” एकूण आमच्या घराण्याचे याबाबतीतले मत एकच होते.

पहिला प्रयत्न फसला, आणि तो का फसला हे अशा लेस विकणाऱ्यांनी पुडक्यावर छापायला हवे. बटणवाली लेस एका हाताने वापरता येत नाही. एका हाताने दोरी ओढून धरावी लागते आणि दुसऱ्याने बटण सरकवावे लागते. शर्यतीतल्या धडधाकट माणसाच्या सोयीसाठी केलेली वस्तू ती. दादांना हवी होती एकदाच ताण बसवून विसरून जायची लेस. परत येऊन मी गोळ्यांचा प्रकार मागवला आणि पुढच्या खेपेला त्यांच्या पायात बूट ठेवून भोका-भोकाला ताण बसवला. डाव्या बुटात आधारपट्टी असते, म्हणून तो उजव्यापेक्षा सैल. त्याचा आतला तळवा काढून जागा केली. हाताशी लांब दांड्याचे शूहॉर्न दिले. उजव्या हाताने शूहॉर्न टाचेमागे धरायचे, पाय ढकलायचा. सात-आठ वेळा धडपड झाली. नवव्या वेळी पाय गेला.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी पाहून एकच ताकीद दिली आणि ती इथे नोंदवण्यासारखी आहे. झटक्यानंतर किंवा मधुमेहात पावलाची जाणीव मंदावलेली असते. लेस घट्ट बसली तर ते कळत नाही. म्हणून पहिले काही दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाने बूट काढून कातडी पाहायची. लाल वळ उठला आणि थोड्या वेळात गेला नाही तर ताण कमी करायचा. कोणी आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांसाठी अशा लेस आणणार असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्यावे. वळ पाहण्याचे काम वहिनींनी घेतले. ते खाटेवर बसून करता येते.

आधारपट्टीचे पट्टे अजून वहिनीच लावतात. पण तेही काम खाटेवर पाय घेऊन होते, खाली बसावे लागत नाही. बूट दादा स्वतः घालतात. किती वेळ लागतो ते मी मोजले नाही. सौ. बरोबर होती आणि तिने घड्याळ बाहेर काढले नाही. दादा हल्ली काठी घेऊन आपल्या जुन्या शाळेच्या फाटकापर्यंत जातात आणि परत येतात. शनिवारी कवायत चालू असली तर कुंपणाशी थोडे थांबतात. बहुतेक पोरांच्या बुटांना आता वेलक्रोचे पट्टे असतात, हे त्यांनी मला फोनवर जरा नाराजीनेच सांगितले.

त्यांची एक तक्रार मात्र राहिली आहे. निळा रंग. आयुष्यभर पांढऱ्या बुटाला खडू फासणाऱ्या माणसाला हा रंग रस्त्याने ओरडत गेल्यासारखा वाटतो. “पांढऱ्या नाहीत का रं?” असे त्यांनी तीनदा विचारले. कोल्हापुरातल्या दोन दुकानांत पिवळ्या, केशरी, पोपटी, सगळ्या होत्या, पांढऱ्या नव्हत्या. पळणाऱ्या पोरांना त्या नको असतात म्हणे. शेवटी गोळ्यांचा एक पांढरा जोड पुण्याहून पुतण्याने पाठवला. तो टेबलावर पडला आहे. पुढच्या रविवारी सकाळच्या एस.टी.ने गडहिंग्लजला जायचे आहे.